खर्जची पेटी

रियाधमध्ये इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रिन्यू करायच्या रांगेत उभा होतो. माझ्या मागे दोघे बोलत होते.

“उमैर मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला, वैभव! हलिमा म्हणते, खुर्चीत शोभतो. माझी बायको!”

“सहा मतांनी निवडून आला, जमालभाई. सोडा आता.”

“सोडतो कसला! माझ्या लेकीच्या, इफराच्या इतिहासाच्या पुस्तकात सापडलंय. सव्वादोनशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कात गव्हर्नरची निवडणूक झाली. एका जिल्ह्याची पेटी ज्या शेरीफनं पाठवली, त्याची मुदतच संपलेली. पेटी बाद केली आणि हरणारा गव्हर्नर झाला!”

“म्हणजे शेरीफचा इकामा संपला होता!”

“तेच तर! आपली अल खर्ज गावची मतपेटी तिथल्या केरूनं आणली. त्याचा इकामा मतदानाआधीच संपलेला. ती पेटी काढा, मी जिंकतो.”

“लोक काय म्हणतील?”

“काय म्हणायचं ते म्हणू देत. त्या खुर्चीत उमैर नको.”

“पण इकामा संपलेल्यानं आणलेली पेटी बाद, तर इकामा संपलेला उमेदवार?”

“तोही बाद! का?”

“तुमचा मतदानाआधी संपला की नंतर?”

“हळू बोल. पुढचा मराठी वाटतो.”