काठोकाठ चहा

जुमाश : 'काहीतरी घडलंय' असं म्हणू?

बुरुल : आणि 'काय घडलंय' विचारलंन् तिनं, तर?

जुमाश : मग... 'होऊ नये ते झालं'. नाहीतर 'प्रसंग ओढवला'. 'वेळ आली'?

बुरुल : म्हैस हरवल्याचं सांगायला निघालायस का रे? एकुलता एक पोरगा गेला तुझ्या वहिनीचा.

जुमाश : परांचीवरून पडला म्हणे. मॉस्कोत, कामावरच. आजी, जीभच वळत नाही माझी. तूच सांग. आजवर सगळ्या गावाला तूच सांगत आलीस.

बुरुल : म्हणून तर मी दिसले की बायका दारं लावून घेतात. मी रीतीप्रमाणं ससाणा उडाल्याचं काढीन. पुढचं रक्ताच्या माणसानं बोलायचं. बिश्केकहून पेटी निघालीय. ती यायच्या आत अंगणात मयताचा तंबू उभा पाहिजे, आणि त्याआधी तिच्या कानावर पडलं पाहिजे.

जुमाश : अंगण बघ, कसं लख्ख केलंय. गावात गुडघाभर बर्फ, आणि हिच्याकडे मातीसुद्धा झाडलेली. पाहुणे येणार असतील, बिचारीकडे.

(सायरा दार उघडते. तिघं चहाला बसतात.)

सायरा : या आजी. बसा भावोजी. नान गरम आहे, मोडा.

बुरुल : सायरा, ससाणा कितीही जिवापाड वाढवला, तरी एक दिवस...

सायरा : लोणी घ्या, आजी.

जुमाश : वहिनी, रात्री फोन आला होता. एक प्रसंग...

सायरा : पेला द्या इकडं.

जुमाश : अहो, सांडेल! काठोकाठ? तुम्ही तर घोटघोट ओतणाऱ्या, माणसाला उठूच न देणाऱ्या. भरला पेला म्हणजे...

सायरा : म्हणजे आता निघा. प्या, आणि काही न बोलता जा.

जुमाश : न सांगता कसा जाऊ? पोरं खांब घेऊन येतायत, वहिनी!

सायरा : येऊ देत. माझ्या तिलेकचा दर शुक्रवारी फोन येतो. काल आला नाही. आणि पहाटेपासून सगळं गाव माझ्या दारावरून खाली मान घालून जातंय.

बुरुल : कळलंय तर रड ना, पोरी. मोकळी हो.

सायरा : तुम्ही सांगितलंत की रडेन. तोवर तो आहे, आजी.

जुमाश : ...तंबू कुठे उभारू, वहिनी?

सायरा : दारासमोर. तिथला बर्फ मी सकाळीच काढून ठेवलाय.