पुलावर पाय न टाकणारा पहारेकरी

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, पुलावर पाय का टाकत नाही?" का टाकू? तुम्हीच सांगा, का टाकू? एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी, दोर हाताखालून गेल्याशिवाय पाय पुढं टाकायचा नाही हे हाडात मुरलंय, आणि हे म्हणतात टाका! खाली दरी, दरीत धुकं, पूल दोराचा, दोर दोनशे वर्षांचा... देखभालीची नोंदवही आहे का, विचारलं मी. नाही म्हणे! मान्य आहे, पूल खरा नाही, आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि सुतळी. पण माणसाला तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमच्या हिचं एक लाडकं पुस्तक आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही वाचाल आणि मग तुम्हीही तसलेच व्हाल. नऊशे चाळीस पानं! फेकून मारलं तर माणूस आडवा होईल. राजकन्या आहे, जादूगार आहे, बोलणारे कावळे आहेत, शंभर वर्षं अंधारात बुडालेला एक किल्ला आहे. ही लायब्ररीत कामाला, म्हणजे घरी पुस्तकांचा तोटा नाही, पण दर वर्षी हेच काढून बसते, आणि दर वर्षी एका ठरावीक पानाशी आली की डोळे पुसते. चोवीस वर्षं बघतोय. "काय झालं गं?" तर म्हणते, "काही नाही. तुम्ही वाचलं असतं तर कळलं असतं." खरं आहे. मी पुस्तक वाचलेलं नाही! मोटारीबरोबर जे माहितीपत्रक येतं ना, त्याच्या पलीकडे आपण कधी गेलो नाही.

तर यंदा काय झालं, आमचे दातांचे डॉक्टर, त्यांनाही तेच वेड, माझी दाढ काढता काढता त्यांना माझ्याबरोबर आलेल्या हिच्या वेडाचा पत्ता लागला, माझं तोंड उघडं आणि हे दोघं माझ्या डोक्यावरून जादूगाराच्या गप्पा मारतायत! मग रविवारी चर्चा सुरू झाली. ही, डॉक्टर आणि माझी मेहुणी. इथपर्यंत ठीक होतं, चर्चेनं कुणाचं काय बिघडत नाही. पण डॉक्टर म्हणाले, "वहिनी, नुसतं बोलायचं किती? याचा खेळ करूया!" खेळ म्हणजे कसा, एकानं सूत्रधार व्हायचं, तो सांगणार तुम्ही कुठं आहात, समोर काय दिसतंय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते ठरवणार फासा. आणि फासा सहाचा नाही, वीस बाजूंचा! ही सूत्रधार. आठ महिने खपली हो. लायब्ररीतून आली की बसली लिहायला. तीन वह्या भरल्या, नकाशे काढले, नियम केले. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर झाले जादूगार, मेहुणी राजकन्या. उरला एक म्हातारा पहारेकरी, हातात कंदील. किल्ल्यातला अंधार म्हणे फक्त त्याच कंदिलानं जातो. मेहुणी गोड आवाजात, "भाऊजी, तुम्ही घ्या ना, तुम्हाला अगदी शोभेल!" मी खूश! म्हटलं, कंदील आपल्याकडे, म्हणजे आपणच मुख्य! आता मला सांगा, एवढं महत्त्वाचं पात्र कुणी सुखासुखी दुसऱ्याला देतं का? पण तिघंही मूग गिळून गप्प, आणि मी पुस्तक वाचलेलं नाही!

सुरुवातीचे रविवार छान गेले. मला आवडायला लागलं होतं, पण कुणाला दाखवलं नाही. शहराच्या वेशीतून गुपचूप बाहेर पडायचं होतं, मी म्हटलं, आधी बिजागऱ्यांना तेल घालतो. फासा टाकला, सतरा! दार उघडलं, आवाज नाही, शिपाई झोपलेलेच. डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, "हे पुस्तकात नाही! पुस्तकात तिथं लढाई आहे! मी मंत्र पाठ करून आलोय!" अहो, तेलानं काम होत असेल तर मंत्र कशाला?

आणि मग आला पूल. ही आवाज खाली आणून, "समोर दोराचा पूल. पलीकडे काळा किल्ला. वारा सुटलाय. पहारेकरी सगळ्यांच्या पुढं आहे..." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दोर कसला?" ती म्हणाली, "कसला म्हणजे?" "तागाचा की तारेचा? जाडी किती? पलीकडे कशाला बांधलाय?" ही वही उलटीसुलटी करतेय! मी म्हटलं, राहू दे, मी बघतो. दोरावरून फडकं फिरवतो. आमच्यात तसंच करतात, फडकं अडकलं की समजायचं तार तुटलीये. फासा टाकला, एकोणीस! आणि नियम तिचाच, पंधराच्या वर पडलं तर सूत्रधारानं खरं सांगायचं. ही म्हणाली, "कुजलाय." झालं! मी कागदाची पाटी केली, 'पूल बंद आहे', आणि लावली पुठ्ठ्याला.

"दुसरा रस्ताच नाही!" डॉक्टर ओरडले. नाही तर नाही, दोर बदलू! ताग आणा, पीळ घाला. तीन रविवार मी दोर वळतोय, जादूगाराला पीळ धरायला बसवलंय आणि राजकन्या दगडावर बसून बिस्किटं खातेय. शेवटी तिसऱ्या रविवारी मेहुणीचा तोल सुटला. "भाऊजी, पूल दुरुस्त नाही करायचा! तुम्ही मरायचंय!"

मी? मरायचंय? "सहाशे बारा पान," डॉक्टर म्हणाले, दात काढण्यापूर्वी बोलतात ना, त्याच थंड आवाजात. "पूल तुटतो, तुम्ही कंदील राजकन्येकडे फेकता आणि पडता. त्याशिवाय ती राणी होत नाही. पुढची तीनशे पानं त्याच्यावर उभी आहेत." म्हणजे बळीचा बकरा! इतके रविवार दाणापाणी घालून मला पुलापर्यंत आणलं! मी हिच्याकडे बघितलं, तर ही खाली मान घालून वह्यांची टोकं जुळवत बसलेली. जाताना डॉक्टर दारात म्हणाले, "वहिनी, पुढच्या रविवारी पूल ओलांडला नाही तर मी काही यायचा नाही." मेहुणी म्हणाली, "मीसुद्धा."

आता ही भांडली असती तर परवडलं असतं. नाही भांडली. तीनही वह्या उचलल्या आणि कपाटावर ठेवून दिल्या, जिथं आम्ही फुटकी सुटकेस ठेवतो तिथं. आठ महिने खपून केलेला खेळ, आणि मोडला कुणी? ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही त्यानं! मला फार वाईट वाटलं, तुम्हाला सांगतो.

म्हणून पुस्तक पिशवीत घातलं आणि कामावर नेलं. नऊ मजली इमारत, वर गच्चीवर यंत्राची खोली, डब्याच्या सुट्टीत बादली उलटी करून बसायचो, पहारेकरी जिथं जिथं येतो तेवढीच पानं वाचायचो. तो पहारेकरी बघा, गुडघा दुखतोय, कुरकुर करतोय, जिना चढताना पायऱ्या मोजतोय, ज्याला त्याला विचारतोय "दार नीट लावलंस का?" अरे, हा तर मीच! आणि ही मला चोवीस वर्षांत एका शब्दानं बोलली नाही! शुक्रवारी सहाशे बारा आलं. त्याला माहीत असतं हो, दोर कुजलाय. दिसतं त्याला. पण पोरगी घाबरेल म्हणून बोलत नाही, आणि टाकतो पाय. रडलो मी. ढसाढसा. खालून वॉचमन ओरडतोय, "मेस्त्री, लिफ्ट कधी सुरू होणार? वर कोणी अडकलंय का?" काय सांगू त्याला, मीच अडकलोय म्हणून?

ठरवलं, मरायचं. बायकोसाठी जीव देईन, जीव देईन असं लोक नुसतं म्हणतात, मी वेळ ठरवून निघालो, रविवार, दुपारी चार! डॉक्टरांना आणि मेहुणीला फोन केला, वह्या खाली काढल्या, सगळे बसले. मी कंदील धरल्यासारखा हात वर केला आणि म्हटलं, "पहारेकरी पुलावर पाय टाकतो." डॉक्टर सरसावून बसले. मेहुणीनं कंदील झेलायला ओंजळ पुढं केली. आता हिनं फक्त वाचायचं होतं, लिहिलेलं तयार होतं, वळणदार अक्षरात. वही उघडली. मिटली. आणि मला म्हणाली, "दोर तपासलात का हो?"

"तपासला ना. कुजलाय."

"मग कशाला टाकताय पाय?"

म्हटलं, "अगं, पुस्तकात..." तर हिचा बांधच फुटला. "पुस्तकात त्याला कुणी विचारलं नाही! एवढी माणसं बरोबर होती, एकानं विचारलं नाही! दर वर्षी त्या पानावर मी मनात ओरडते, अहो आजोबा, दोर बघा! आणि आज एक माणूस स्वतः दोर बघतोय, तर त्याला मीच ढकलू? घ्या तो पाय मागं!" घेतला मागं. डॉक्टर चाचरत, "पण वहिनी, राजकन्या राणी कशी होणार मग?" मेहुणी नाक पुसत म्हणाली, "होईन माझी मी! भाऊजी, द्या इकडे तो कंदील." दिला. नवा दोर बांधला, सगळ्यांच्या आधी मी गेलो, मधोमध दोनदा उड्या मारून बघितल्या. फासा पडला चार. चार म्हणजे मेलोच की! तर सूत्रधार शांतपणे म्हणाली, "दोर नवा आहे. धरतो."

तर असा मी वाचलो. पण त्यामुळं झालंय काय, सहाशे तेरापासून पुढची सगळी पानं बाद. आता गोष्ट आम्हालाच रचायची आहे, म्हणजे आयुष्यभर रविवार गेले. पुस्तकातला म्हातारा एका पानात सुटला, मला सुटका नाही! चौथी वही आलीये. आणि परवा तर हिनं पहारेकऱ्याला एक बायको दिली. का, तर म्हणे विचारणारं कुणीतरी हवं. बोलणार कोण तिच्या वतीनं? सूत्रधारच! किल्ला जिंकला, अंधार गेला, कावळ्यांनी जयजयकार केला, मी कंदील परत घेऊन ऐटीत घरी आलो, दार वाजवलं, फाशाला अजून कुणी हातही लावला नव्हता, आणि आतून आवाज आला, "बूट बाहेर काढा."

काढले. करतो काय?