सहा महिने बाई, सहा महिने बाप्या

माझ्या वर्गातल्या सुमनचं सांगते. आपलं लातूर जिल्हा झालं, पण नळ कोरडेच. घरी पाणी भरायला कोणीतरी हवं, म्हणून तिची शाळा त्या दिवसापासून बंद झाली होती. टँकरच्या रांगेत तिला हसवावं म्हणून मी एका लांबच्या ग्रहाची गोष्ट रचली.

"तिथलं प्रत्येक माणूस सहा महिने बाई असतं, सहा महिने बाप्या."

"अगं बया! मग लेकरू कोणाला होतंय?"

"तेव्हा जे बाई असेल त्याला."

ती एवढी हसली की पुढच्या मावशी ओरडल्या. मग डोळे पुसत तिनं विचारलं, "आमच्या दादाची शाळा चालूच हाय. तिथं दुष्काळात कोणाची बंद करतेत गं?"

मी रिकामी घागर पुढं सरकवली.

टँकर आला. तिनं आधी माझी घागर भरली. "जा, पळ," म्हणाली, "तुझी घंटा होईल."