वॅफलच्या वाडग्यातला समतोल

ऑर्व्हिल : ‘पोटात चरबी, तर पायात वारा.’ बर्फावरच्या स्लेजगाडीला कुत्री जुंपताना बाबा हेच गुणगुणायचे. अजून कानात आहे बघ.

हेडी : बाबांची कुत्री दिवसभर बर्फात धावायची रे. आपली वॅफल सोफ्यावरून खिडकीपर्यंत जाते, तीही मध्ये विसावा घेऊन.

ऑर्व्हिल : माझ्या स्लेजच्या सगळ्या कुत्र्यांची म्होरकी होती वॅफल.

हेडी : होती. आता उशी झालीय. विषय बदलू नकोस. हा वाडगा तू भरलास ना?

ऑर्व्हिल : डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसाच. कोंबडी सोलून उकडली, रस्सा गार केला, वर गोठलेली चरबी खरवडून टाकली. मग भात, भोपळा.

हेडी : आणि हा पांढरा गोळा?

ऑर्व्हिल : नदीतल्या बीव्हरची चरबी.

हेडी : ऑर्व्हिल.

ऑर्व्हिल : त्याच म्हणाल्या, चरबीचा समतोल राखा. कोंबडीची जेवढी काढली, तेवढीच बीव्हरची घातली.

हेडी : अरे माझ्या शहाण्या, समतोलासाठी चमचाभर माशाचं तेल सांगितलं होतं त्यांनी. गेल्या महिन्यात चरबी खाऊनच तिचं स्वादुपिंड सुजलं, तेव्हा दवाखान्याच्या फरशीवर तिच्याशेजारी तूच आडवा झाला होतास. पुन्हा सुजलं तर हातची जाईल, हे ऐकलंस ना?

ऑर्व्हिल : ऐकलं. पण परवा साल्मन माशाची तेलकट कातडी कुणी दिली तिला?

हेडी : ती खाली पडली होती.

ऑर्व्हिल : नेमकी तिच्या तोंडात?

हेडी : बघितलं रे तिनं माझ्याकडे. कशी बघते, माहीत आहे ना तुला? बरं, चुकले. पण मी कातडी दिली, तू तर आख्खा बीव्हर घालायला निघालास.

(वॅफल वाडग्याकडे सरकते. हेडी तो उचलून ओट्यावर ठेवते.)

हेडी : खरं सांग, का घालतोस?

ऑर्व्हिल : शर्यतीच्या आदल्या दिवशी हाच गोळा असायचा तिला. वास आला की कान उभे. उद्या धावायचं, हे कळायचं तिला. अजून उभे राहतात गं. नुसता भोपळा पुढे ठेवला तर समजेल ना, की आता कुणी जुंपणार नाही.

हेडी : तिला समजेल, की तुला?

ऑर्व्हिल : वॅफल थकली म्हणून स्लेज सोडली, असं गावभर सांगितलं मी. तुलाही. थकले ते माझे गुडघे, हेडी. ती अजून धावली असती.