टाकी भरल्याचा मिस्ड कॉल

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे साहेब. मंचावरचे आदरणीय पाहुणे. आज आपला निरोप घेणाऱ्या संगणक विभागाच्या बाई. आणि समोर बसलेले पाणीपुरवठ्याचे माझे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

पंपघरातला सर्वांत जुना माणूस म्हणून बाईंचा गुणगौरव करायचं काम माझ्याकडे आलं. गुण पुष्कळ आहेत हो. ते सांगायची माझी लायकी नाही, एवढीच अडचण आहे.

बाई आल्या तेव्हा आम्ही त्यांचं नाव 'आणि-मग बाई' ठेवलं होतं. काहीही सांगा, पेन थांबवून विचारणार, "आणि मग?" टाकीवर एक संगणक, पंपघरात एक. दोघांनी एकमेकांना काय कळवायचं, कधी कळवायचं, आणि नाहीच कळलं तर काय, हे आधी माणसांना विचारून ठरवायचं, हे त्यांचं काम. इंटरफेस म्हणतात त्याला. आम्ही म्हणायचो, बाईंना दुसरे उद्योग नाहीत.

पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "टाकी भरत आली हे पंपघराला कळतं कसं?" साहेब शेजारीच बसलेले. मी छाती पुढे काढून सांगितलं, "दर तासाला पातळी बघून ऑफिसच्या फोनवरून कळवतात." नियमात तसंच आहे ना! खरं काय ते इथं कोणाला ठाऊक नाही? टाकीवरचे मामा मिस्ड कॉल देतात. एक रिंग आली की पंप बंद. किती वर्षं तरी असंच चाललं होतं. पण ड्यूटीवर मोबाइलला बंदी, मग साहेबांसमोर सांगणार कोण?

बाईंना शंका आली असावी. एकदा एकट्याच आल्या, आमच्यात चहाला बसल्या. तेवढ्यात माझा मोबाइल एकदा वाजला आणि थांबला. मी उठलो, पंप बंद केला, परत येऊन बसलो. "कोणाचा हो?" मी म्हटलं, "घरून. बायकोचा." बाई हसल्या, "वहिनींना फारच आठवण येते वाटतं!"

आमच्या सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसल्यात. तिनं आजवर मला ड्यूटीवर एकही फोन केलेला नाही. अगं, अशी बघू नकोस, घरी गेल्यावर काय ते बोल. बाईंना हवं होतं ते उत्तर त्यांच्यासमोर वाजलं, आणि मी ते बायकोच्या नावावर खपवलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नवीन पद्धत सुरू झाली, टाकीवरच्या संगणकात तासाला एकदा पातळीची नोंद करायची. मोबाइल फाटकावर जमा व्हायला लागले. दोन नोंदींच्या मध्येच टाकी भरली आणि वाहिली. खाली राहणाऱ्या शिंपीणबाईंच्या घरात गुडघाभर पाणी, गिऱ्हाइकांचे लग्नाचे कपडे चिखलात. चौकशीत साहेबांनी बाईंना विचारलं, "तुम्ही या लोकांना विचारलं नव्हतं?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "विचारलं होतं. मला नीट विचारता आलं नसेल." आणि मी? मी पंख्याकडे बघत बसलो.

अहवालात लिहिलंय, 'गरजांचा अभ्यास अपुरा'. त्या शेऱ्यापायी बाई चालल्यात, आणि पुढे जिथं नोकरी मागतील तिथं तो आडवा येणार. साहेब, त्यावर तुमची सही अजून व्हायची आहे. म्हणून आजच बोलतोय.

मंडळी, ज्यानं ज्यानं तो मिस्ड कॉल दिला किंवा घेतला, त्यानं उभं राहावं. मी तर उभाच आहे. मामा, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसून हात वर केलात तरी... उठलात? बरं. अरे मागच्या रांगेतले, बुटाची नाडी नंतर बांधा! हां. साहेब, बघा एकदा. एवढ्या जणांनी मिळून खोटं सांगितल्यावर कोणाचा अभ्यास पुरा पडेल?

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. बाई, तुमची माफी मात्र आज मागत नाही. आधी तो शेरा पुसला जाऊ दे, मग मागेन. आणि हा पुष्पगुच्छ मी द्यायचा असं ठरलंय... साहेब, तो तुम्हीच द्या. माझा हात पुढे होत नाही.

नमस्कार.