मामाजींच्या गाडीचा करंट

…नाही, पण आता तुम्हीच सांगा, बॅटरी म्हणजे काय मातीचा माठ आहे का, आज भरून ठेवला अन् उद्या झिरपून अर्धा? शनिवारी चार्ज करून आणलेली बॅटरी, मंगळवारी सकाळी चावी फिरवली की टक्. बस. टक् म्हणजे टक्, पुढं काही नाही. एकदा नाही, दोनदा नाही, लागोपाठ पाच मंगळवार! गाडी शेडच्या बाहेर निघाली नाही, बत्ती नाही, हॉर्न नाही... मग करंट गेला तर गेला कुठी?

अन् हा प्रश्न पडला कोणाले? मले. तुम्हाले सांगतो, मी वीज खात्यात इन्स्पेक्टर आहो. काम काय, तर लोकांनी तारांवर टाकलेले आकडे पकडणे. कोण कुठं फुकटचा करंट ओढून राहिला, ते मी खांबाकडे नुसतं पाहून सांगतो. अन् माझ्याच सासऱ्याच्या गाडीतून दर आठवड्याले करंट गायब, अन् मले पत्ता नाही! आमची प्रेमिला तर तोंडावर म्हणते, "लोकाईच्या घरचा चोर बरा दिसते तुमाले, माह्या बाबाच्या गाडीतला नाही दिसत."

मामाजी म्हणजे माझे सासरे, चंपतराव. घर शहरात सक्करदऱ्याले, धानाची शेती बाहेर कुहीले. गाडी सत्तावन्न सालची, म्हणजे आज बरोबर एकोणीस वर्षांची, अन् मामाजी एकाहत्तरचे. दर मंगळवारी स्वतः गाडी हाकत शेतावर जाणार, बांधावर उभे राहून गड्याले दोन शिव्या देणार अन् खुशीत परत येणार. ड्रायव्हर ठेवा म्हटलं की दोन दिवस अबोला. बॅटरी बसली तर समोरून हँडल मारायले खांद्यात जोर राहिला नाही. अन् धक्का? "जवाईबापू, चंपतरावाची गाडी गल्लीतल्या लोकाईनं ढकलाव? त्यापरीस इकून टाकतो." झालं! म्हणजे फॉल्ट सापडला नाही तर मामाजींची गाडी जाते, अन् तिच्यासोबत सासुरवाडीतलं माझं नावही जाते.

बरं, बॅटरी खराब म्हणाव तर तेही नाही. जरीपटक्याच्या ओमप्रकाशकडे रिक्षात घालून नेली. त्यानं बॅटरीच्या पाण्यात हायड्रोमीटर बुडवला, डोळा बारीक केला, अन् म्हणे, "साहब, बैटरी तो घोड़ा है. आपकी गाड़ी ही पी रही है." पी रही है म्हणे! अरे, पण कोणत्या तोंडानं? शेजारचे रुपराव त्याच्याहून हुशार. "चार्ज करून आणली का सिमेंटवर ठेवली होती? जमीन ओढते ना गा करंट!" मग मामाजींनी बॅटरीले पाटावर बसवलं. माझ्या लग्नात मले बसवलं नसन इतक्या काळजीनं बसवलं. मंगळवारी चावी फिरवली. टक्.

मग म्हटलं, आता आपणच पाहू. रविवारी सकाळी गेलो. आमची पद्धत साधी असते. बॅटरीची एक तार काढायची, अन् तार अन् बॅटरीच्या मधात एक लहानसा बल्ब जोडायचा. गाडीत सारं बंद असून बल्ब जळला, तर समजायचं, कोणी तरी चोरून पिऊन राहिलं. जोडला बल्ब, अन् काय सांगू, पेटला! मामाजींनी माझी पाठ थोपटली. मी फ्यूज काढला, बल्ब जळतच आहे. हॉर्नची तार काढली, जळतच आहे. डायनामोची काढली, घड्याळाची काढली, दीड तास झाला, तारांचा हा ढीग, अन् बल्ब आपला मजेत जळून राहिला. तेवढ्यात मामीजी, म्हणजे सासूबाई, पाणी घेऊन आल्या. गाडीकडे पाहिलं अन् हळूच म्हणतात, "जवाईबापू, दरवाजा उघडा हाय ना, आतली बत्ती जयून राह्यली." माझाच दरवाजा, मीच उघडा ठेवलेला! लावला, अन् बल्ब विझला. ठार अंधार. म्हणजे गाडीत चोर नाहीच. मग करंट गेला कुठी?

एक गोष्ट मात्र मले खटकत होती. त्या गाडीत बसलो की मले शिंका येत. एक नाही, चार-चार. मी म्हटलं, जुन्या गादीची धूळ असन.

सोमवारी ऑफिसात बसलो होतो, अन् एकदम डोक्यात आलं. अरे, आम्ही सांगून तपासणीले गेलो की आकडा कधी सापडते का? लोक काढूनच ठेवतात. तपासणी करायची तर न सांगता. घेतली सायकल, एप्रिलचं ऊन, दुपारचा दीड, अन् गाठलं सक्करदरा. मामाजी एक ते चार झोपतात, ते घोरून राहिले होते. मी हळूच मागून शेडमधे गेलो... अन् पाहतो काय, गाडीचे दोन्ही हेडलाइट भर दुपारी समोरच्या चुन्याच्या भिंतीवर फकफक जळून राहिले, अन् ड्रायव्हरच्या सीटवर मामीजी! मांडीवर सूप, सुपात भिवापुरी मिरच्या, अन् मामीजी शांतपणे देठ खुडून राहिल्या. मले शिंक आली. शिंकेचं कारण ते होतं, समजले ना?

दुसरी कोणी असती तर दचकली असती. या म्हणतात, "या जवाईबापू. जेवले का?"

"मामीजी, हे काय आहे?"

"बत्ती."

"ते दिसून राहिलं. पण काहून?"

त्यांनी एक देठ खुडला, अन् मग सांगितलं. "ह्यायले दसऱ्यापासून नीट दिसत नाई. दोन्ही डोयात मोतीबिंदू हाय. उमरेड रोडवर उभ्या रोडरोलरच्या मांगं दहा मिन्टं हॉर्न वाजवला. म्हने, कसा मानूस हाय, बाजूले होत नाई. मी म्हनलं, अवो, त्याच्यावर मानूसच नाई. तर म्हनते, तुलेच दिसत नाई. अन् मांगच्या महिन्यात नाल्याच्या पुलावर... जवाईबापू, कठडा अन् गाडीच्या मधात हात बी गेला नसता. म्या डोये मिटून घेतले. पोराइचं आयकत नाई, डॉक्टरचं आयकत नाई, ऑपरेशन म्हनलं का ताटावरून उठते. मंग मी काय करू? बॅटरीचं तेवढं आयकते."

घरचं माणूस दर मंगळवारी गाडीत बसून निघते, अन् ही बाई बाजूले बसून डोळे मिटते. कोणाले सांगता येत नाही, कारण सांगितलं तर नवऱ्याचं हसं होते. तरी माझ्यातला इन्स्पेक्टर काही गप बसेना. विचारलं, "पण मामीजी, हे तुम्हाले शिकवलं कोणी?"

"तुमीच. दिवाळीले नाई सांगून गेले? बत्ती चालू राह्यली तर तीन घंट्यात बॅटरी बसते म्हनून."

घ्या! पाच आठवडे शोधून राहिलो होतो, अन् चोराचा मास्तर मीच.

मंगळवारी मामाजी टोपी घालून तयार. चावी फिरवली. टक्. माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "मामाजी, फॉल्ट काही सापडून नाही राहिला. तोवर तुम्ही मेडिकलच्या दवाखान्यात जाऊन डोळे दाखवून या. तुमचे डोळे होईपर्यंत मी गाडी करतो." म्हणतात, "डोयाचा अन् बॅटरीचा काय संबंध हो?" आता काय संबंध सांगू! गेले बिचारे शेतावर एस्टीनं. पिशवी छातीशी धरून रांगेत उभे होते. मले वाईट वाटलं, खोटं काय सांगू. पण जिवंत माणूस रांगेत उभा आहे, असंही वाटलं. गाडी इकायचं मात्र मी लांबवलं. म्हटलं, थांबा, थोडा वेळ द्या मले, शोधतो.

अन् आता? आता मामीजी आठ दिवसांसाठी भावाकडे भिवापूरले गेल्या. जाताना सूप माझ्या हातात दिलं अन् म्हणाल्या, "सोमवारी एक ते चार. इसरू नका." म्हणून काल सोमवारी अर्धी रजा टाकली, मामाजींले फॉल्ट शोधतो म्हटलं, अन् गाडीत बसलो. हेडलाइट चालू, मांडीवर मिरच्या, नाकाचं पाणी पाणी. अन् दोनच वाजले होते, मामाजींची झोप मोडली. आले की शेडमधे! म्हटलं, मेलो. मामाजी चाचपत चाचपत गाडीच्या समोर आले, जळत्या हेडलाइटवर हात टेकवून उभे राहिले, अन् चटकन हात काढला.

"काय ऊन हाय हो जवाईबापू यंदा... सावलीत बी काच पाहा कशी तापली. सापडला का फॉल्ट?"

म्हटलं, "नाही मामाजी. चार वाजेपर्यंत काही सापडत नाही वाटते."