एकेचाळीस जणांचा एक पेपर

हॅलो?… हॅलो, मॅडम? मी धनराज बोलतोय, शाळेतून. सातवी ब आख्खी पास झाली, मॅडम. गणिताच्या घटक चाचणीत. निकाल शंभर टक्के…

कुठला निकाल? छे, निकाल कुठे लागलाय. चाचणीच व्हायचीय अजून… मी? मी नाही काही म्हणालो. रेंजचा घोळ असेल. तुमचं प्रशिक्षण काय म्हणतंय?… गंगापूर रोडला म्हणजे हॉटेल झकासच असणार… एसी एवढा गार? शाल न्यायची ना, मॅडम. हवामान बदलावर बोलायचं तर आधी हॉलचं हवामान बदलायला नको का.

नाही, मस्करी नाही करत…

कोणी सांगितलं तुम्हाला?… सोमनाथ सरांनी. हां. पीटीच्या माणसाला धाप लागत नाही, एका दमात सगळं सांगून टाकतो… बरं. झालीय चाचणी. काल झाली.

हो… हो, खरंय ते. एकच आहे… नाही मॅडम, प्रश्नपत्रिका नव्हे, उत्तरपत्रिका. पोरं एकेचाळीस, हजर एकेचाळीस, उत्तरपत्रिका एक.

बाकीच्या हरवल्या नाहीत हो. बाकीच्या नव्हत्याच.

सांगतो. ओरडू नका, शेजारी अधिकारी बसलेत ना तुमच्या?… सांगतो. सुरुवात तुमच्याच परिपत्रकापासून आहे. 'प्रत्येक विषयातून पर्यावरण व हवामान बदल.' चौदा पानी, एका बाजूनं छापलेलं, शिक्षकागणिक एक प्रत, वर प्लास्टिकचं कव्हर… नाही, टोमणा नाही. वर्णन आहे.

तर त्याची अंमलबजावणी सगळ्यांनी केली. चित्रकलेत महिनाभर हिरव्याशिवाय रंग नाही. पोरं आता कावळासुद्धा हिरवा काढतात. इंग्रजीच्या बाईंनी, गुलमोहराची फांदी मोडली म्हणून एकाला 'सेव्ह पेपर' दोनशे वेळा लिहायला लावलं. वहीत. आणि सोमनाथ सरांनी खेळाच्या तासाला श्वास रोखून धरायची स्पर्धा घेतली. कार्बन डायऑक्साइड कमी सुटावा म्हणून… हो, तीच ती चक्कर आलेली दोन पोरं. रजिस्टरला तुम्ही 'ऊन लागले' असं लिहिलंत. तेही विषयाला धरूनच झालं म्हणा.

मी? मी गणितवाला. मी पोरांना शाळेचा कागद मोजायला लावला. वर्षाच्या चाचण्या, सराव परीक्षा, पुरवण्या, पालकांना सूचना, त्या सूचनांमधल्या चुकांच्या दुरुस्तीच्या सूचना. एकावर एक रचलं तर ढीग तुमच्या केबिनचं छत फोडून वरच्या पाचवी अ मध्ये निघतो, मॅडम. पोरांनी दोनदा तपासलं. एकदा मीही तपासलं.

मग तेजस्विनीनं हात वर केला… अहो ती, त्र्यंबकेश्वरच्या पलीकडून एसटीनं येते ती. कायम प्रश्न विचारते, तीच. म्हणाली, "सर, आमच्याकडं भाताची आवणी कोणी एकटं करत नाय. सावड असते. आज सगळी आमच्या खाचरात, उद्या सगळी त्यांच्या. मग पेपर का एकेकट्यानं लिहायचा? एकच लिहू की सगळे मिळून."

मी म्हटलं, वा.

…एवढंच म्हटलं, मॅडम. 'वा' म्हणजे परवानगी नव्हे. 'वा' म्हणजे कौतुक. परिपत्रकात पान नऊवर आहे, विद्यार्थ्यांच्या कल्पनांचे कौतुक करावे.

आणि काल मी पेपर वाटायला गेलो, तर पहिल्या बाकानं एक कागद घेतला आणि बाकीचा गठ्ठा मला परत दिला. नमस्कार करून.

मी काय करत होतो? पर्यवेक्षण… डोळे उघडे ठेवूनच. अहो, इतकं शिस्तीचं काम मी शिक्षकांच्या बैठकीतही पाहिलेलं नाही. पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला आठ पोरं. तिघं सोडवणार, तिघं तपासणार, एक जण ज्याला समजलं नाही त्याला समजावणार, आणि ज्याला समजलं नाही त्यानंच शेवटी कागदावर लिहायचं. म्हणजे समजल्याशिवाय सुटकाच नाही. पाच आठे चाळीस. एक उरला, संघर्ष नावाचा पोरगा. त्यानं समास आखला. सुंदर आखलाय, दाखवतो तुम्हाला.

कॉपी?… कॉपी कशी म्हणता येईल, मॅडम? कॉपीला दुसरा पेपर लागतो. दुसरा पेपरच नव्हता.

एकोणीस. वीसपैकी एकोणीस. एक मार्क मी कापला, क्षेत्रफळाला चौरस सेंटिमीटर लिहायचं राहिलं. एवढी डोकी असून राहिलं. पोरांनी मान्य केलं, वाद नाही घातला.

…वाटून? म्हणजे एकोणीस भागिले एकेचाळीस? थांबा… शून्य पूर्णांक सेहेचाळीस शतांश. हो, प्रत्येकी. अर्धा मार्कसुद्धा नाही. सगळे नापास… भागाकार बरोबरच आहे, मॅडम. विचार चुकलाय. नाही नाही, तुमचा नाही, भागाकाराचा.

काय?… उद्या? उद्या कोण येतंय?… समिती. आपल्या शाळेत. परिपत्रक राबवण्यात जिल्ह्यातून पहिली शाळा म्हणून?… अभिनंदन, मॅडम! मनापासून. टाळ्या ऐकू येतायत इथपर्यंत. मग दाखवू की त्यांना, हा पेपर फ्रेम करून—

एकेचाळीस उत्तरपत्रिका बघायच्यात त्यांना. पुरावा म्हणून… प्रत्येकीच्या रंगीत झेरॉक्स, पाच प्रतींत. फाइलला लावून… कागद वाचवल्याचा पुरावा. बरोबर. पुरावा जाडजूड हवा.

आता? आज शेवटच्या तासाला?… म्हणजे हा जो एक पेपर आहे, त्यावरून एकेचाळीस जणांनी एकेचाळीस पेपर उतरवायचे. सारखेच. ह्याला मात्र कॉपी म्हणायचं नाही ना, मॅडम? नाही, विचारून ठेवतो. नियम माहीत असावा.

…हो. आहे लक्षात. ह्या महिनाअखेरीला तीन वर्षं पूर्ण होतायत. शिक्षणसेवकाचा सहायक शिक्षक तुमच्या एका सहीनं होतो, माहीत आहे मला. आईनं पेढ्यांची ऑर्डरसुद्धा सांगून ठेवलीय… नाही, तुम्ही धमकी देताय असं कुठे म्हणतोय मी. तुम्ही आठवण करून देताय. टेबलावर वरच्या बाजूला आहे माझा कागद. समजलं. वरच्या बाजूचा कागद खालच्या बाजूलाही जाऊ शकतो. तेही समजलं.

मॅडम, ऐका ना… एक मिनिट, ऐका. मी सकाळीच प्रयत्न केलाय… हो, तुम्ही हेच सांगणार हे कळायला काही ज्योतिषी लागत नाही. कोरे कागद घेऊन गेलो वर्गात. म्हटलं, पोरांनो, एकेकट्यानं लिहा, रीतसर. कागद कोणी घेतला नाही. मग तेजस्विनी उठली. रागानं नाही हो, अगदी साधेपणानं विचारलं तिनं. "सर, मग तुम्ही शिकवलेलं खोटं होतं का?"

…काय उत्तर दिलं? खडू शोधत राहिलो. खडू हातातच होता.

नाही, मॅडम. विनोद नाही करत आता… समजतंय मला. बदनामी समजते, समिती समजते. तुम्ही पंधरा वर्षं राबून ही शाळा उभी केलीत, तेही समजतं. पण पोरं अजून वर्गात बसून आहेत. मधली सुट्टी झाली तरी डबे उघडले नाहीत कोणी. मी येऊन काय सांगतो ह्याची वाट बघतायत. त्यांना जाऊन मी म्हणू, 'हो, खोटं होतं'? परिपत्रकात त्याला कुठलं पान आहे, तेवढं सांगा.

…नाही.

नाही, मॅडम. कागद नाही वाटणार मी… हो, कळतंय काय बोलतोय ते. आईला पेढ्यांचं मी सांगेन… सोमनाथ सरांना पाठवता? पाठवा की. पोरं श्वास रोखून बसतील, सवय आहे त्यांना.

लेखी द्या म्हणता? लेखीच दिलं असतं, पण कागद… बरं, तोंडीच घ्या. लिहून घेताय ना?

प्रति, मा. मुख्याध्यापिका. विषय… विषय लिहा, इयत्ता सातवी ब ला एक विद्यार्थी म्हणून मान्यता मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर वर्गाने एका उत्तरपत्रिकेत एकोणीस गुण मिळविले असून ते न भागता एकेचाळीस नावांपुढे जसेच्या तसे नोंदविण्यात यावेत. गुणनोंदणीचे पोर्टल एवढी मोठी बेरीज स्वीकारत नसल्यास—

हॅलो?… मॅडम?… ठेवला वाटतं.

—स्वीकारत नसल्यास पोर्टल बदलण्यात यावे. तसेच अर्जदारास सेवेत कायम करण्याच्या कागदावर, सदर गुणांस हात न लावता, समिती येण्यापूर्वी सही व्हावी, ही नम्र विनंती. सोबत, समास आखलेली मूळ उत्तरपत्रिका. एक प्रत.